काओरची काळी वाइन

बाटली उघडून तासभर तशीच ठेवायची, असं त्या फ्रान्सच्या बाईनं सांगितलं, आणि माझा दौलत खुर्ची ओढून बाटलीसमोर असा बसला, जशी काही ती उठून पळूनच जाणार होती.

"तिला वारं लागू द्यायचं असतं," तो म्हणाला.

"लागू दे की. तू कशाला राखण करतोस?"

"माशी पडेल."

"मग फडकं टाक. लेकाचं वय पन्नास झालं, बाटलीपुढं बसून राहिलाय."

पडवीत टेबल मांडलं होतं. त्यावर मंदानं, म्हणजे माझ्या सुनेनं, ट्रंकेतली चादर काढून घातली होती. लांब दांडीचे पेले वाइनच्या कंपनीतून मागून आणलेले. दिवस द्राक्षतोडीचे, ऊन अंगावर यायला लागलेलं, आणि समोर बागेत काळे घड लोंबत होते. ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दुपारचं कोण कुठं बसलं होतं ते मला अजून सांगता येईल.

दिंडोरीच्या अलीकडं, कादवेच्या काठाला आमचा मळा आहे. आधी खायची द्राक्षं होती. पुढं कंपनीनं करार केला आणि आम्ही वाइनची लावली. घरातले पुरुष सुरुवातीला माझ्यासमोर बाटलीचं नाव घ्यायला लाजायचे. मी म्हटलं, माझ्या वेलीचं काय झालं ते मला नको का बघायला? तेव्हापासून दरसाल नवी बाटली आली की स्टीलच्या पेल्यात दोन घोट माझे. मी काय म्हणते ते ऐकायला गडीमाणसंसुद्धा थांबायची. एका साली मी म्हटलं, हे खोकल्याला चांगलं. ते गावभर झालं.

आता त्या दिवशीचा पेच काय होता ते सांगते. माझी नात हर्षदा वाइन करायचं शिकायला फ्रान्सला गेली होती. तिथं काओर म्हणून गाव आहे. त्या भागात एका विधवा बाईच्या बागेवर ती तोडणीला राहिली, आणि त्या बाईच्या लेकात गुंतली. लेक रेमी, आई सोलांज. घरी आल्यावर पोरीनं सरळ सांगून टाकलं. सहा महिने घरात नीट कुणी जेवलं नाही. जात, गोरा रंग, देव, हे सगळं दौलतनं नुसतं तोंडी लावायला घेतलं होतं. खरी गोष्ट एकच होती. पोरगी तिकडं गेली, तर मळ्याचं काय? तिचा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो. त्याला द्राक्षाचा वेल आणि दोडक्याचा वेल सारखाच. छाटणीची कात्री हातात शोभायची ती हर्षदाच्या. तिला मी घडवलं होतं. डोळा कुठं ठेवायचा, फांदी कुठं मारायची, मजुरांशी किती बोलायचं, सगळं.

शेवटी दौलतनं हात वर केले. "जिजी म्हणेल तसं." जिजी म्हणजे मी.

मग पोरीनं सोलांजबाईला तिकडं कळवलं, की आमची जिजी वाइन चाखून मत देते. तुम्ही तुमची घेऊन या. ती प्यायली आणि बरी म्हणाली, तर समजा लग्न ठरलं. हे मला मंदानं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की ती बाटली कशासाठी उघडलीय.

सोलांजबाई साठीची असेल. उन्हानं रापलेली, नखांत माती मुरलेली, केस पुरुषासारखे कापलेले. खुर्चीवर टेकून बसत नव्हती, हे मला बरं वाटलं. तिला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. हर्षदा मध्ये बसून इकडचं तिकडं करत होती.

"ह्या म्हणतात, आमच्याकडं ह्या वाइनबरोबर बदक खातात," हर्षदा म्हणाली. "बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत मंद शिजवायची, आणि त्याच चरबीत बुडवून महिनोन् महिने ठेवायची."

"शिळं खातात?"

"शिळं नाही गं. मुरलेलं."

"लोणचं म्हण की मग."

पोरीनं ते तिकडं सांगितलं. बाई मोठ्यानं हसली आणि मान डोलावली.

"आणि कोकराचं मटण. तिथं खडकाळ माळ आहेत, त्यावर चरलेलं. आणि अक्रोड. आणि निळी बुरशी आलेलं चीज."

"बुरशी आलेलं."

"मुद्दाम आणतात, जिजी."

"मुद्दाम. बरं. आपल्याकडं आपोआप येते."

रेमी हसला. त्याला मराठी थोडं कळायला लागलं होतं. पोरगा दिसायला काही खास नव्हता, कान मोठे होते, पण वाढलेलं पानात टाकत नव्हता.

सोलांजबाईनं पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर त्यांची नदी काढून दाखवली. लॉट तिचं नाव. सापासारखी वळणं घेत जाते, आणि प्रत्येक वळणाच्या पोटात बागा. खाली गोट्यांची जमीन, वर चुनखडीचा माळ. द्राक्ष मालबेक. त्याची वाइन इतकी गडद, की जुनी माणसं तिला काळी वाइनच म्हणायची. आंबटगोडाची आवड असलेल्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. पुढं तिनं सांगितलं, की ती पाळण्यात असताना एका फेब्रुवारीत अशी थंडी पडली की सगळ्या मुलखातल्या बागा मुळापासून गेल्या.

"बागेत शेकोट्या नाही पेटवल्या?" मी विचारलं. आमच्याकडं निफाडला पारा उतरला की आम्ही रात्रभर धूर करतो.

हर्षदानं विचारून सांगितलं, "त्या थंडीला शेकोटीनं काही होणार नव्हतं म्हणतात."

"मग? बापानं काय केलं?"

"पुन्हा लावली बाग."

"काय लावलं?"

"तेच. मालबेक."

"मग बरा माणूस होता," मी म्हणाले.

तोवर मंदानं वाढायला घेतलं. मटण मी केलं होतं. मंदाचा हात मिठाला भितो. चुलीवर भाजलेला कांदा आणि खोबरं, आमचा काळा मसाला, वर चार बोटं तर्री. बाजरीच्या भाकरी. हर्षदानं सकाळी माझ्या मागं लागून तिखट कमी करायला सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं, आणि केलं नव्हतं.

पेले भरले गेले. सोलांजबाईनं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, खाल्ली आणि वर वाइनचा घोट घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखटावर ही वाइन भडकते म्हणतात," हर्षदा घाबरून म्हणाली. "तिचा तुरटपणा आणि मिरची एकमेकांना चिथवतात."

"चिथवू दे," मी म्हणाले, आणि पातेल्यातून मगजाची नळी काढून बाईच्या ताटात ठेवली. "तिला सांग, आधी हे चोखायचं. मग प्यायचं."

तिनं नळी उचलली, तोंडाला लावली आणि ओढली. मग ताटात दोनदा आपटली. कुणी शिकवलं नव्हतं. आतलं सगळं निघालं तेव्हा ओठ न पुसता तिनं पेला उचलला, घोट घेतला आणि डोळे मिटले. काही तरी बोलली.

"चरबी लागली की ही वाइन नरम पडते, म्हणतात. म्हणून तर आमच्याकडं बदक. पण बदक आता विसरायला हवं, म्हणतात."

दौलत खूश झाला. "बघ जिजी! जमलं!"

"तू जेव," मी म्हणाले.

मग रेमीनं माझा पेला भरला. त्यानं दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर ठेवला. ते त्याला हर्षदानं शिकवलं असणार. मंदा भाकरीची टोपली घेऊन दारात उभी राहिली. दौलतनं घास तोंडात तसाच धरून ठेवला. हर्षदा माझ्या हाताकडं बघत होती, तोंडाकडं नाही.

मी पेला उजेडाकडं धरला. पलीकडचं माझंच बोट दिसेना. नाकाजवळ नेला. पिकल्या जांभळाचा वास होता, आणि त्याच्या मागून तंबाखूच्या पानाचा. मग मी तो खाली ठेवला आणि दोन बोटांनी पुढं सरकवला.

"मला नको."

"जिजी," दौलत म्हणाला, "चाखून तर बघ."

"चाखायचीही नाही."

सोलांजबाईला अर्थ विचारावा लागला नाही. तिनं माझा पेला उचलला, हुंगला, बाटलीचं बूच हुंगलं. मग हर्षदाशी हळू बोलली.

"विचारतायत, खराब झालीय का?" हर्षदा म्हणाली. "म्हणतात, मला तर नीट लागली. ही रेमी जन्मला त्या सालची आहे. त्याच्या बापानं भरलेली. घरात तेवढी एकच उरली होती."

"खराब नाही. चांगली असणार."

"मग काय, जिजी?"

माझ्या घरात फोड करून सांगायची मला सवय नव्हती.

हर्षदा उठली. खुर्ची मागं पडली. "नको असेल तर तोंडानं सांग ना! एवढ्या लांबून आल्यात त्या. आजवर कंपनीची कसलीही पाणचट वाइन तू प्यायलीस आणि नावं ठेवलीस. ह्यांना नावं ठेवण्याइतकंही मोल नाही का तुझ्या लेखी?"

"खुर्ची उचल."

"नाही उचलत."

रेमीनं उचलली. दौलतनं घास कसाबसा गिळला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझ्याच शब्दासाठी आल्यात ना त्या? मग घरी बोलावून हे असं?"

तेव्हा दारातून मंदा बोलली. "माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ह्या घरात पाणी प्यायलं नव्हतं."

सगळे तिच्याकडं वळले.

"माझं लग्न ठरलं तेव्हापासून. मला भेटायला यायचे तर पितळेचा तांब्या भरून आणायचे, आणि ओट्यावर बसून त्यातलं प्यायचे. तुम्ही किती आग्रह करायचात, जिजी. हर्षू झाली, तिचं तोंड पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा चहा घेतला." ती थांबली. टोपली तिनं दुसऱ्या हातात घेतली. "लेक ज्या घरी दिली त्या घरचं पाणी बाप पीत नाही. तिला मूल होईपर्यंत. हर्षू, जिजींना पसंत नाही असं नाही गं. त्यांनी तुला देऊन टाकलंय."

मंदा इतकं सलग बोललेली तिच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकली.

दौलत माझ्याकडं बघत राहिला. "जिजी?"

"बायकोला कळतं ते तुला कळायला वेळ लागतो, हे काय आजचं आहे?" मी म्हणाले. "जेवा आता. रस्सा गार होतोय. आणि विहीणबाईंना वाढा कुणी तरी."

विहीणबाई म्हटल्यावर हर्षदा रडायला लागली. आनंदाची रडतेय असं वाटून मी तिला मोकळं रडू दिलं. मी तेवढ्यात मनाशी बागेचे तुकडे पाडत होते. खालची दोन एकर वाट्यानं द्यायची, वरची कंपनीलाच लावून द्यायची. ते दुखत होतं, पण ठरत होतं.

"जिजी, पी ती," हर्षदा म्हणाली.

"सांगितलं ना, मला चालत नाही."

"चालतं. मी जातच नाहीये."

"काय?"

"रेमी इकडं येणार आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय. खालच्या दोन एकरात मालबेक लावून बघायचंय. माती तपासून झालीय. मी इथून हलणार नाही, जिजी. मला हलताच येणार नाही."

"घरजावई?" दौलतचा आवाज चढला.

"काय नाव द्यायचं ते द्या, बाबा."

तेवढा शब्द रेमीला कळला असावा. त्यानं मान हलवली, हो म्हणून. लाजला नाही.

मी त्या पोरीकडं नीट पाहिलं. सहा महिने घराला उपाशी ठेवून हे पोटात घेऊन बसली होती. का, ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिच्या शेजारी सोलांजबाई बसली होती. भाकरीचा तुकडा हातात, तोंडावर आशा. सगळं जमून येतंय एवढंच तिला आमच्या तोंडांवरून दिसत होतं.

"हिला सांगितलंय?" मी विचारलं.

हर्षदानं ताटाकडं पाहिलं.

"म्हणजे नाही."

"रेमी म्हणतो, मामा आहे, तो बाग बघेल. आधी तुला सांगायचं की त्यांना, ह्यातच सगळे दिवस गेले. त्या धरून चाललेत, की मी तिकडं जाणार. माझ्यासाठी खोली रंगवलीय त्यांनी."

"मग आत्ता सांग. मला सांगितलंस तसंच. एक शब्द खाऊ नकोस."

"जिजी, जेवणावर बसल्यात त्या."

"आत्ता."

पोरीनं सांगितलं. मला ती भाषा येत नाही. पण बाईचा भाकरीचा हात कुठं थांबला ते मी पाहिलं. ती लेकाकडं वळली आणि एकच शब्द विचारला. त्यानंही एकच शब्द सांगितला, खाली बघून. तिनं आरडाओरडा केला नाही. बराच वेळ ती समोर आमच्या बागेकडं बघत बसली. माणूस लेक देताना घर बघतो तसं.

मग तिनं हर्षदाला काही विचारलं. हर्षदा अडखळली.

"काय म्हणते?"

"विचारतायत, जिजी मघाशी का प्यायल्या नाहीत. मी सांगितलं, आमच्यात असं असतं. तर विचारतायत, तो नियम कुणाला असतो? मुलीकडच्यांना का?"

दौलत चटकन म्हणाला, "हो, हो, मुलीकडच्यांनाच. सांग तसं."

"नाही," मी म्हणाले. "देणाऱ्याला असतो."

"जिजी..."

"सांग तिला. विचारलंय तिनं."

हर्षदानं सांगितलं. सोलांजबाईनं ऐकून घेतलं. हातातला तुकडा ताटात ठेवला. ताट थोडं पुढं सरकवलं, बोटं पुसली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. रेमी काकुळतीनं तिला काही म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो खुर्चीत मागं सरला.

"अहो, तुम्ही पाहुण्या, तुम्हाला कसला नियम," दौलत उठून तिच्याशी मराठीतच बोलायला लागला. "जेवा. जेवा तुम्ही. हर्षू, सांग ना त्यांना."

"दौलत, खाली बस. तिला जेव म्हणू नको."

"उपाशी राहील ती!"

"राहू दे. लेक दिलाय तिनं. त्याची किंमत तू रश्श्यात बुडवू नकोस."

मग मी माझा पेला उचलला. आता देणारी मी नव्हते, मला चालत होतं. मोठा घोट घेतला. तुरट होती. हिरड्यांना धरून बसली आणि सोडेना. गिळल्यावर मात्र मागून हळूच जांभूळ आलं, आणि ते पुष्कळ वेळ राहिलं. कंपनीची वाइन घशाखाली उतरली की संपते. ही संपत नव्हती. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांनी बघितलं. ती बघत होती.

"सांग तिला," मी म्हणाले, "कष्टानं वाढवलेली आहे. कळतं."

हर्षदानं सांगितलं. सोलांजबाईनं मान तुकवली. तिचं ताट मंदानं उचललं नाही. तसंच झाकून ठेवलं.

दुपारी पुरुष आडवे झाले. हर्षदा आणि रेमी कुठं तरी तोंड लपवून बसले असतील. मी चपला घातल्या आणि बागेत निघाले. ती मागून आली. मी बोलावलं नव्हतं.

आम्ही दोघी ओळींमधून चालत राहिलो. मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. ती पानं उलटून खालची बाजू बघे. ठिबकच्या नळीजवळची माती चिमटीत घेऊन चोळे. एका जागी फांदी चुकीची मारलेली होती, तिथं ती थांबली आणि माझ्याकडं पाहिलं. मीही ती आधीच पाहिलेली होती. मी कपाळाला हात लावला. ती हसली.

पुढं एका वेलीवर घड पुरता पिकला होता. तिचा हात सवयीनं गेला. बागायतदाराचा हात तसा जातोच. मणी तोडला, ओठापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. माझ्याकडं पाहिलं. सकाळपासून तिच्या पोटात अर्धी भाकरी आणि एक नळी होती. तिनं मणी तळहातावर ठेवला आणि हात खाली घेतला.

मी आभाळाकडं बोट केलं. मग मातीकडं. मग घराकडं बोट करून नाही अशी मान हलवली. हे घराचं नाही. वेलीवर आहे तोवर कुणाचंच नाही. हे चालतं.

असा काही नियम आमच्यात नाही. माझ्या आईनं सांगितला नाही, सासूनंही नाही. मंदाच्या बापाला तो कुणी सांगितला असता, तर बिचारा इतकी वर्षं तांब्या घेऊन हिंडला नसता. तो मी तिथं, त्या ओळीत उभ्या उभ्या केला.

तिनं थोडा वेळ माझं तोंड वाचलं. मग तो मणी खाल्ला. मग पूर्ण घड तोडला आणि एकेक करून बियांसकट खाल्ला, भूक लागलेलं माणूस खातं तसा. मी तिच्याकडं पाठ केली आणि पुढच्या वेलीची वाळकी पानं काढत राहिले, तिचं खाणं होईपर्यंत.